मावशीचं मी काय देणं लागतो?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एका गुरुवारी रात्री मी माझ्या मावशीला फोनवरून ८८,४०० रुपये पाठवले. रकमेखाली एक ओळ लिहायची सोय असते. तिथे लिहिलं, ‘थर्ड इयरची फी. थँक यू मावशी.’ हिरवी खूण आली, टिंग वाजलं आणि मला खरोखर हलकं वाटलं. अकरा वर्षांचं ओझं चार सेकंदांत उतरलं होतं.

त्या पैशांमागची गोष्ट साधी आहे. २०१३ मध्ये वडिलांचं दुकान बंद पडलं, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. फी आणि होस्टेल मिळून ४२,००० रुपये कमी पडत होते. मावशी कराडला राहते. एकटी आहे, तेव्हा डबे करून द्यायची. तिने हातातल्या दोन पाटल्या मोडल्या आणि पैसे आणून आईच्या हातात ठेवले. ‘परत दे’ असं ती म्हणाली नाही. ‘राहू दे’ असंही म्हणाली नाही. त्यानंतर त्या पैशांवर आमचं कधी बोलणंच झालं नाही.

मग मला नोकरी लागली, पगार वाढला, पण ते ४२,००० डोक्यात कुठेतरी टोचत राहिले. त्या गुरुवारी मी कॅल्क्युलेटर काढला. बँकेतल्या ठेवीसारखं सात टक्के चक्रवाढ व्याज, अकरा वर्षं. उत्तर ८८,४०३ आलं. वरचे तीन रुपये सोडून दिले. सोन्याच्या भावाने हिशोब केला असता तर आकडा याहून मोठा आला असता. तो हिशोब मी केला नाही, हेही सांगून टाकतो.

दहा मिनिटांत तिचा फोन आला.

“हे काय पाठवलंस रे?”

“तुझे पैसे, मावशी. पाटल्यांचे. व्याजासकट.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आपलं मिटलं म्हणायचं का?”

मी “तसं नाही गं” असं काहीतरी पुटपुटलो. तिने जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला. मला झोप आली नाही. माझं चुकलं कुठे, हे कळत नव्हतं. घेतलेलं परत करणं यात वाईट काय आहे? उलट न करणाऱ्याला आपण नावं ठेवतो. मी तर व्याजही दिलं होतं.

माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना झोप आली नाही की ते मोबाइलवर काहीतरी शोधत बसतात. मी त्या रात्री एक इंग्रजी शब्द शोधला. माझ्या मनात पहिल्यांदा आलेलं वाक्य इंग्रजीत होतं: ‘मी तिचं काहीही ओ करत नाही.’ हे ‘ओ’ नेमकं काय असतं?

*

‘ओ’ हे इंग्रजीतलं अगदी रोजचं क्रियापद. उधारी असणं, देणेकरी असणं. पैशांपासून माफीपर्यंत सगळीकडे चालतं. मित्र हॉटेलचं बिल भरतो आणि आपण म्हणतो, ‘आय ओ यू’. पण या शब्दाचा जन्म शोधत मागे गेलं की गंमत होते. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत याचं रूप ‘आगन’ असं होतं आणि त्याचा अर्थ देणं असणं असा नव्हताच. त्याचा अर्थ होता ‘जवळ असणं, मालकीचं असणं’. म्हणजे आजच्या अर्थाच्या थेट उलट.

मालकीसाठी आज इंग्रजीत जो ‘ओन’ शब्द आहे, तो याच घराण्यातला. ‘ओ’ आणि ‘ओन’ ही सख्खी भावंडं. शेक्सपिअरच्या काळापर्यंत, म्हणजे सोळाशेच्या आसपासपर्यंत, ‘ओ’ हा शब्द मालकी या अर्थानेही वापरात होता. त्याच्या नाटकांत तो तसा सापडतो आणि आजचे विद्यार्थी तिथे हमखास अडखळतात. पुढे मालकीचा अर्थ पूर्णपणे ‘ओन’कडे गेला आणि ‘ओ’च्या वाट्याला फक्त उधारी उरली.

जवळ असण्यापासून देणं असण्यापर्यंत हा शब्द पोचला कसा? वाट तशी समजण्यासारखी आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘मला शंभर रुपये द्यायचे आहेत.’ यात ‘आहेत’ आहे आणि ‘द्यायचे’ आहे. इंग्रजीतही असंच झालं. ‘माझ्याजवळ आहे’ला ‘द्यायचं म्हणून’ जोडलं गेलं आणि हळूहळू जोडलेल्या भागाचा अर्थ मूळ शब्दातच मुरला. माझ्याजवळ आहे, पण तुला द्यायचं आहे.

आता तिसरं भावंड. ‘ऑट’. आपण शाळेत ते ‘पाहिजे’ या अर्थाने शिकलो: खरं बोललं पाहिजे, मोठ्यांचा मान राखला पाहिजे. हा ‘ऑट’ म्हणजे दुसरंतिसरं काही नसून ‘ओ’ याच क्रियापदाचा जुना भूतकाळ. पुढे ‘ओ’ला नवा, नियमित भूतकाळ मिळाला आणि जुना ‘ऑट’ नीतीच्या कामाला लागला. म्हणजे एखादा इंग्रज जेव्हा म्हणतो, ‘तू हे करायला पाहिजेस’, तेव्हा शब्दाच्या तळाशी एक जुनी उधारी असते.

आणि सगळ्यात दूरचा नातलग तर आपल्याच घरी आहे. भाषाशास्त्रज्ञ या ‘आगन’चं नातं संस्कृतमधल्या ‘ईश्’ या धातूशी लावतात. ईश म्हणजे धनी, ताबा असलेला. ईश्वर त्यातूनच आला. म्हणजे मूळ एकच: तिकडे त्याचा ‘देणेकरी’ झाला, इकडे ‘देव’.

हे फक्त इंग्रजीपुरतं नाही. लॅटिनमध्ये देणं असण्याचं क्रियापद ‘देबेरे’. तेही ‘असणं’ या क्रियापदाला ‘पासून’ हा उपसर्ग लावून झालंय: दुसऱ्यापासून घेऊन स्वतःजवळ ठेवणं. त्यातून इंग्रजीत कर्जासाठीचा ‘डेट’ आला, बँकेतला ‘डेबिट’ आला आणि कर्तव्यासाठीचा ‘ड्यूटी’ही आला. जर्मनमध्ये ‘शुल्ड’ या एकाच शब्दाचा अर्थ कर्जही होतो आणि अपराधही. नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाने १८८७ साली नीतीच्या जन्माविषयी जे पुस्तक लिहिलं, त्यात या शब्दाला धरूनच मोठा आरोप केला: ज्याला आपण सदसद्विवेकाची टोचणी म्हणतो, तिचं मूळ देणेकरी आणि घेणेकरी यांच्या जुन्या व्यवहारात आहे. मनातल्या टोचणीला तो सावकाराची वसुली म्हणतो. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही, मत्तयच्या शुभवर्तमानात, पापांची क्षमा ऋण सोडण्याच्या भाषेत मागितली आहे आणि मराठी बायबलमध्ये तिथे ‘ऋण’ हाच शब्द आहे.

रात्री दोन वाजता हे वाचताना मला थोडं बरं वाटलं. नीती म्हणजे जर मुळात हिशोबच असेल, तर मी हिशोब चोख केला होता. माझ्याजवळ तिचं काही होतं, ते परत दिलं. आता माझ्याजवळ तिचं काही नाही. संपलं.

मग तिचा प्रश्न का टोचत होता?

*

शब्दाची जुनी कुंडली काढून काय बरोबर आणि काय चूक हे ठरत नाही, हे आधी मान्य करतो. एखादा शब्द कुठून आला यावरून आज त्याचा अर्थ काय हे ठरत नाही, तर आपण कसं वागावं हे कुठून ठरणार? जन्मगाव सांगता येतं, म्हणून माणूस कळतो असं नाही. पण कुंडलीचा एक उपयोग होतो. आपण नकळत कुठल्या चित्रात विचार करतोय, ते दिसतं. माझ्या डोक्यात चित्र होतं एका वस्तूचं. ती वस्तू तिच्याकडून माझ्याकडे आली आणि आता परत गेली.

‘ऑट’ आलाय कुठून, हा प्रश्न तत्त्वज्ञानातही बराच गाजलेला आहे. डेव्हिड ह्यूम हा स्कॉटिश तत्त्वज्ञ. १७४० साली छापलेल्या त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो एक साधी तक्रार करतो: लेखक लोक ‘असं आहे’, ‘असं नाही’ अशी वाक्यं लिहीत जातात आणि मध्येच कधीतरी ‘असं करायला पाहिजे’वर उडी मारतात. ही उडी कशाच्या जोरावर मारली, ते कुणी सांगत नाही. ‘आहे’तून ‘पाहिजे’ कसं निघतं?

मावशीच्या बाबतीत हे लावून बघा. मावशीने पाटल्या मोडल्या, हे ‘आहे’. मी तिच्यासाठी काहीतरी करायला पाहिजे, हे ‘पाहिजे’. मधला पूल कोणता?

१९६४ साली जॉन सर्ल या अमेरिकी तत्त्वज्ञाने ह्यूमला उत्तर द्यायचा प्रयत्न केला. त्याने दिलेलं उदाहरण, योगायोग बघा, उधारीचंच आहे. एक माणूस दुसऱ्याला म्हणतो, ‘मी तुला पाच डॉलर देण्याचं वचन देतो.’ हे शब्द उच्चारले गेले ही घटना आहे. पण ते उच्चारले की वचन दिलं गेलं, वचन दिलं की बांधील झालो, बांधील झालो की द्यायला पाहिजेत. झाला ‘आहे’चा ‘पाहिजे’. यावर पुष्कळ वाद झाले. पण माझी अडचण वेगळीच होती. मी मावशीला कुठलंच वचन दिलं नव्हतं. तिने मागितलंही नव्हतं. आमच्यात कर्ज हा शब्दच निघाला नव्हता. मी अकरा वर्षांनी एकट्याने बसून त्याला कर्ज ठरवलं, त्याचा व्याजदर ठरवला आणि ते फेडूनही टाकलं.

जेन इंग्लिश नावाच्या तत्त्वज्ञ बाईंचा १९७९ चा एक निबंध आहे. मोठी झालेली मुलं आईवडिलांचं काय देणं लागतात, हाच त्याचा विषय. त्यांचं उत्तर ऐकून आपल्याकडे कुणालाही धक्का बसेल: काहीच नाही. पण कारण ऐका. त्या म्हणतात, उधारी उपकारांची होते. शेजाऱ्याला विनंती केली, त्याने महिनाभर आपली टपाल उचलून ठेवली, तर त्याने तेच मागितल्यावर आपण करायला हवं; आणि तेवढं केलं की हिशोब पूर्ण. मैत्री तशी नसते. मैत्रीत कुणी किती केलं हे मोजत नाहीत. समोरच्याला काय लागतं आणि आपल्याला काय जमतं, एवढंच बघतात. मुलं आणि आईवडील यांच्यातलं नातं या दुसऱ्या प्रकारचं. म्हणून ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं, आता तू फेड’ हा युक्तिवादच चुकीचा. मुलांनी पुष्कळ करावं, पण प्रेम आहे म्हणून. उधारी आहे म्हणून नव्हे.

मला हे पटलं. पूर्ण नाही पटलं. कारण यात एक पळवाट आहे आणि ती मला ताबडतोब दिसली, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. नातं आहे तोवर करायचं. आणि नातं सैल झालं की? मैत्री संपली की कर्तव्यही संपलं? मावशीचे फोन मी वर्षभर टाळत होतो. नातं सैल करायचं काम माझं मीच करत आणलं होतं.

*

सकाळी चहा पिताना माझ्या लक्षात आलं की रात्रभर मी सगळा विचार इंग्रजीतून केला. मावशीने तर प्रश्न मराठीत विचारला होता.

मराठीत आपण उधारीसाठी काय म्हणतो? ‘मी त्याचे शंभर रुपये देणं लागतो.’ लागतो. हे ‘लागणं’ बघा. कर्तव्यासाठी, सक्तीसाठी काय म्हणतो? ‘मला जावं लागेल.’ तेच क्रियापद. आणि नात्यासाठी? ‘ती तुझी कोण लागते?’ ‘ती माझी मावशी लागते.’ पुन्हा तेच.

देणं लागतं. करावं लागतं. मावशी लागते.

मूळ संस्कृत धातू ‘लग्’, म्हणजे चिकटणं, जोडलेलं असणं. लग्न हा शब्द त्यातलाच. भूक लागते, ठेच लागते, लळा लागतो, सवय लागते. यातलं काहीच आपण ठरवून घेत नाही. ते येऊन लागतं. इंग्रजी ‘ओ’च्या मुळाशी जवळ असलेली वस्तू आहे. मराठी ‘लागणं’च्या मुळाशी वस्तू नाहीच. दोन गोष्टी एकमेकींना टेकलेल्या आहेत, एवढंच आहे.

मग कर्ज परत करण्याला आपण काय म्हणतो? फेडणं. फेडणं म्हणजे सोडवणं, उलगडणं. जुन्या बायका लुगडं फेडून ठेवायच्या. गाठ बांधली जाते आणि फेडली जाते. म्हणून नवस फेडतात, पांग फेडतात. आणि म्हणूनच कातड्याचे जोडे करून घातले तरी काही उपकार फिटत नाहीत, असं आपण म्हणतो.

आता तिचा प्रश्न पुन्हा ऐका. ‘म्हणजे आपलं मिटलं म्हणायचं का?’ माझ्या हिशोबात मी वस्तू परत केली होती. तिच्या हिशोबात मी गाठ सोडली होती.

*

इथे थांबलो तर लेख गोड होईल. ‘बघा, इंग्रजी भाषा व्यवहारी आणि आपली मराठी नात्यांची’ असं म्हणून मोकळं होता येईल. पण ते खोटं होईल. इंग्रज मुलंही म्हाताऱ्या आईला जपतात, आणि सावकार मराठीतच बोलायचा.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्याआधीची दहा-बारा वर्षं अशी गेली होती: अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला अचानक भाव आला, कर्ज सहज मिळू लागलं; युद्ध संपलं, भाव कोसळले, सरकारने शेतसारा मात्र वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. जमिनी जाऊ लागल्या. सुप्यात आणि नंतर पुणे-अहमदनगर भागातल्या कितीतरी गावांत लोकांना मुख्यतः एकच गोष्ट हवी होती: कर्जरोखे आणि वह्या. त्या मिळवून त्यांनी जाळल्या. सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या माणसांना ‘देणं लागतं म्हणजे आपण जोडलेले असतो’ असं सांगून बघा. त्यांच्यासाठी जोडलेलं असणं हाच फास होता. कधीच न फिटणारं देणं हे फार भयंकर हत्यार आहे. आजोबांच्या उचलीपोटी नातू राबतोय, अशा वेठबिगारीवर देशभर कायद्याने बंदी यायला १९७६ साल उजाडलं.

तेच हत्यार घरातही चालतं. ‘आम्ही तुझ्यासाठी खस्ता खाल्ल्या’ हे वाक्य किती मुलींच्या लग्नात, किती मुलांच्या करिअरमध्ये मुद्दल म्हणून वापरलं जातं, ते तुम्हाला माहीत आहे. ज्याचा आकडा सांगितला जात नाही, ते कर्ज फेडता येत नाही. आणि फेडता येत नाही म्हणून वसुली कधीच थांबत नाही. अशा घरातल्या कुणी ‘सांगा एकदाचे किती झाले’ असं ओरडून पैसे टेबलावर ठेवले, तर मी त्याला कृतघ्न म्हणणार नाही. आकडा असणं, हिशोब असणं, तो कधीतरी पूर्ण होणं, यात माणसाची सुटका आहे. मिंधेपणापेक्षा कर्ज बरं. कर्जाला निदान शेवटचा हप्ता असतो.

म्हणजे ‘ओ’ हा शब्दही आपल्याला हवा आहे. अनोळखी माणसाशी, मालकाशी, बँकेशी, सरकारशी तोच शब्द न्यायाचा आहे.

पण याच सावकारीच्या मुलखातली दुसरीही एक गोष्ट आहे. तुकाराम महाराजांच्या घरी महाजनकी होती, लोकांकडून येणं होतं. परंपरा अशी सांगते की, दुष्काळानंतर त्यांनी आणि धाकट्या भावाने, कान्होबाने, कर्जखतांची निम्मी निम्मी वाटणी केली. कान्होबाची खतं त्याच्याकडे राहिली. आपल्या वाट्याची तुकारामांनी इंद्रायणीत बुडवली. सुप्यात देणेकऱ्यांनी कागद जाळले. देहूत घेणेकऱ्यानेच ते पाण्यात सोडले. कागद दोन्हीकडे नाहीसे झाले, पण देहूत ज्याचं येणं होतं त्यानेच ते सोडलं होतं. मला वाटतं, गाठ सोडायचा हक्क कुणाला, हा खरा प्रश्न आहे. ज्याच्या गळ्याला फास बसलाय त्याला तो आहेच. पण जिथे फास नव्हता, तिथे माझ्या एकट्याच्या मनात आलं म्हणून ‘मिटलं’ असं जाहीर करायचा हक्क मला होता का?

*

आपल्याकडे ऋणाची कल्पना वेदकाळापासून आहे. तैत्तिरीय संहितेत म्हटलंय की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. शतपथ ब्राह्मणात ही कल्पना ‘जो कुणी आहे’ त्या प्रत्येकाला लावलीय आणि तिथे चौथं ऋणही आहे: माणसांचं. जन्मतःच कर्जदार ठरवणं यात, नीत्शेला दिसली असती तशी, वसुलीची शक्कल आहेच. मी ती नाकारत नाही. पण फेडीची पद्धत वाचल्यावर मी चकित झालो. ऋषींचं ऋण फिटतं ते शिकून. पितरांचं फिटतं ते पुढची पिढी वाढवून. आणि माणसांचं? माणसांना आसरा देऊन, जेवू घालून. ऋषी-पितरांकडून आलेलं पुढे जातं. ज्याने दिलं त्याच्या हातात तेच परत ठेवा, असं इथे कुणी म्हणत नाही.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण वेदांना मुळीच न मानणाऱ्या माणसाचं आहे. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. करार होता: परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेलेही. तिथे त्यांना राहायला कुणी जागा देईना. एका पारशी विश्रामगृहात ते नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. त्यांना मुंबईला परतावं लागलं. फेडणारा फेडायला उभा होता. समाजाने त्याला फेडू दिलं नाही. पुढे १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं आणि किती मुलं शिकली. आंबेडकरी चळवळीत आजही ‘पे बॅक टू सोसायटी’ हा शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यातला आहे. त्यात ‘बॅक’ आहे, पण तोंड पुढे आहे.

*

एक गोष्ट सांगायची राहिली. ती मी आत्तापर्यंत सांगितली नाही, कारण ती सांगितल्यावर पुढचं मागचं काही उरत नाही.

त्या गुरुवारच्या आधी मंगळवारी मावशीचा फोन आला होता. “सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. येशील का रे दोन दिवस? डोळ्यात थेंब घालायला कुणीतरी लागतं.” ऑफिसात रिलीज होतं. मी म्हणालो, “बघतो.” आणि दोन दिवसांनी पैसे पाठवले.

म्हणजे ती फेड नव्हतीच. ती न जाण्याची किंमत होती. तिने मागितले होते दोन दिवस, मी दिले ८८,४०० रुपये, आणि वर स्वतःला ऋणमुक्त समजलो. ‘आता तिचं माझ्याकडे काही येणं नाही’ असं एकदा ठरलं की ‘बघतो’ हे उत्तरही चालून जातं. तिने तो प्रश्न विचारला तेव्हा तिला हे सगळं कळलेलं होतं, असं मला आज वाटतं. त्या सोमवारी मी गेलो नाही. शेजारच्या एका मुलीने थेंब घातले.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. तेव्हा मी चार दिवस रजा काढून गेलो. ठरलेल्या वेळी थेंब घालायचे, गडबड नको म्हणून मी मोबाइलवर गजर लावले होते. शेजारची ती मुलगी रोज संध्याकाळी यायची. नर्सिंगला आहे. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता कळलं की तिची या वर्षाची फी मावशीने भरली. कुठल्या पैशांतून, हे मी विचारलं नाही, पण कळलं. आणि लाज वाटते सांगायला, पहिल्यांदा मनात आलं ते असं: ‘माझ्या पैशांतून? मला न विचारता?’ पैसे तिचे म्हणून मीच परत केले होते. ओ आणि ओन यांचा गोंधळ शेक्सपिअरच्या काळातच संपला, असं कोशात लिहिलंय. माझ्या डोक्यात तो चारशे वर्षांनीही चालू होता.

मी तिला विचारलं, “मावशी, तिने परत नाही दिले तर?”

“कशाला देतीये परत,” ती म्हणाली. “शिकू दे आधी.”

यावर मी काय बोलणार होतो? मी तिथे नेमका काय करत होतो, फेडत होतो की नुसता राहत होतो, हे मला चार दिवसांत ठरवता आलं नाही. थेंब घालताना ती डोळा घट्ट मिटून घ्यायची आणि मी ओरडायचो. तिने आभार मानले नाहीत, मीही मागची गोष्ट काढली नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने उशीखालून पैसे काढून माझ्या हातात दिले. डोळ्यावर पट्टी होती, तरी नोटा बोटांनी मोजून दिल्या.

“कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जा,” म्हणाली. “महिन्याचे सोळाशे चाळीस झालेत. त्याचं तेवढं मिटवून ये. वाण्याचं ठेवू नये.”